देशात गरीब किती?

२०११-१२ साली भारतात किती माणसे गरीब होती? सरकारने नेमलेल्या दोन समित्यांच्या पद्धतींनी या साध्या प्रश्नाची दोन उत्तरे मिळतात. अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकर यांच्या समितीची पद्धत वापरली तर २६.९३ कोटी, म्हणजे शंभरात जवळपास २२. सी. रंगराजन समितीची पद्धत वापरली तर ३६.३ कोटी, म्हणजे शंभरात साडेएकोणतीस. वर्ष तेच, देश तोच आणि फरक नऊ कोटींहून अधिक माणसांचा. त्याच सुमाराच्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी भरली होती.

मग खोटे कोण बोलते आहे, असा प्रश्न लगेच मनात येतो. दोन्ही समित्यांचा हिशेब बरोबर होता. त्यांनी गरीब कोणाला म्हणायचे हे वेगवेगळे ठरवले होते. देशातली गरिबी मोजायच्या अशा आणखीही पद्धती आहेत आणि प्रत्येक पद्धत थोड्या वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. त्यातल्या मुख्य पद्धती एकेक करून पाहू.

१. तुरुंगातल्या जेवणापासून सुरुवात

गरीब कोण हे ठरवायचे तर आधी जगायला किमान किती लागते हे ठरवावे लागते. भारतात हा हिशेब पहिल्यांदा नेटाने मांडला तो दादाभाई नौरोजींनी, १८७० च्या दशकात. ब्रिटिश हिंदुस्थानातले माणशी वार्षिक उत्पन्न त्यांनी २० रुपये काढले. एवढ्यात माणूस जगतो का हे तपासायला त्यांनी सरकारचीच कागदपत्रे हाताशी घेतली. एक होते परदेशी मजुरीला निघालेल्या मजुरांना जहाजावर द्यायच्या शिध्याचे. त्यात तांदूळ किंवा पीठ, डाळ, मटण, भाजी, तूप, तेल आणि मीठ होते. दुसरे होते तुरुंगाचे हिशेब. एका कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार वर्षाला जेवढा खर्च करत होते, तेवढे उत्पन्न बाहेरच्या सरासरी माणसाला नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये एका अभ्यासगटाने माणशी महिना २० रुपये ही किमान गरज मानली. पण पुढच्या अनेक वर्षांच्या मोजणीला वळण लावणारे काम पुण्यात झाले. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला माणशी २,२५० कॅलरी ही त्यांची मूळ अट होती.

राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबांचा खर्च नोंदलेला असतो. ही कुटुंबे कमी खर्चापासून जास्त खर्चापर्यंत गटागटाने मांडायची. प्रत्येक गटात माणशी किती धान्य, डाळ, तेल खाल्ले जाते ते पाहून त्याच्या कॅलरी काढायच्या. तळापासून वर चढत जायचे आणि ज्या गटाला २,२५० कॅलरी मिळतात तिथे थांबायचे. त्या गटाचा एकूण माणशी खर्च ही दारिद्र्यरेषा. १९६०-६१ च्या किमतींना ही रेषा खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये आली. त्या हिशेबाने खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे रेषेखाली होती.

या पद्धतीत घरभाड्याला किती लागावे, शाळेला किती, औषधाला किती, हे कोणी वेगळे ठरवत नाही. पोट भरणाऱ्या गटाने बाकी गोष्टींवर जे काही खर्च केले असेल, तेच पुरेसे धरले जाते.

२. कॅलरीवरचा वाद

१९७९ मध्ये योजना आयोगाच्या कार्यदलाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० कॅलरी ही मापे पक्की केली. खेड्यात अंगमेहनत जास्त, म्हणून तिथली गरज अधिक धरली. १९७३-७४ च्या किमतींना रेषा खेड्यात सुमारे ४९ रुपये आणि शहरात सुमारे ५७ रुपये झाली.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत दीर्घकाळ काम केलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांना ही पद्धत मान्य नव्हती. एकाच निरोगी माणसाची गरज रोज सारखी नसते, शरीर थोड्या कमी अन्नाशीही जुळवून घेते. त्यामुळे सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी मानला तर आकडा फुगतो, असे त्यांचे म्हणणे होते. दांडेकरांनी ते खोडून काढले. पुण्यातल्या या दोन अभ्यासकांचा वाद बराच गाजला.

खरी अडचण मात्र पुढे आली. रेषा दरवेळी फक्त महागाईप्रमाणे वाढवली जात होती. दरम्यान लोकांचे जगणे बदलले. रानातून आणलेल्या लाकूडफाट्याच्या जागी विकतचे इंधन आले, कामासाठी एसटीने जाणे आले, मुलांची फी आली. रेषेवरच्या माणसाच्या हाती तेवढेच पैसे होते, पण त्यातला मोठा वाटा या गोष्टींना जाऊ लागला आणि ताटातल्या कॅलरी घटल्या. रेषा कागदावर कॅलरीची राहिली, प्रत्यक्षात त्या कॅलरी तिच्यातून मिळेनाशा झाल्या.

तेंडुलकर समितीने २००९ मध्ये कॅलरीचा खुंटा सोडून दिला. शहरातल्या जुन्या रेषेवरचे कुटुंब जे काही विकत घेत होते ती वस्तूंची यादी तिने आधाराला धरली आणि तीच यादी खेड्यातल्या भावाने मोजली. खेडे आणि शहर यांना आता वस्तूंच्या यादीचे एकच माप लागले. परिणाम मोठा झाला. २००४-०५ साठी खेड्यातली गरिबी जुन्या पद्धतीने २८.३ टक्के होती, ती नव्या पद्धतीने ४१.८ टक्के झाली. शहरातला आकडा २५.७ वरच राहिला, कारण आधारच तो होता.

३. बत्तीस रुपयांचे प्रतिज्ञापत्र

सप्टेंबर २०११ मध्ये योजना आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले. त्यानुसार रेषा शहरात माणशी महिना ९६५ रुपये आणि खेड्यात ७८१ रुपये होती. वर्तमानपत्रांनी त्याला तीसने भागले आणि ‘शहरात ३२, खेड्यात २६ रुपये’ हा मथळा देशभर झाला. बत्तीस रुपयांत एक वेळचे जेवण तरी येते का, असा सवाल चौकाचौकांत विचारला गेला.

रोजच्या रकमेने गोष्ट नीट समजत नाही. शहरातले पाच जणांचे कुटुंब घेतले तर रेषा महिन्याला सुमारे ४,८२५ रुपयांवर येते. त्यात लहान मुलेही आली, रेशनचे स्वस्त धान्यही आले. तरीही ४,८२५ रुपयांत खोलीचे भाडे, जेवण, कपडे, गाडीभाडे आणि दुखणेखुपणे बसवायचे म्हटले, तर ही रेषा किती खाली आखली होती ते दिसते.

या गदारोळानंतर रंगराजन समिती नेमली गेली. तिने कॅलरीबरोबर प्रथिने आणि स्निग्धांश यांचीही गरज धरली आणि कपडे, घरभाडे, प्रवास, शिक्षण यांचा वेगळा हिशेब केला. २०११-१२ साठी तेंडुलकर पद्धतीची रेषा खेड्यात ८१६ आणि शहरात १,००० रुपये होती. रंगराजन समितीची ९७२ आणि १,४०७ रुपये. रेषा वर सरकली आणि सुरुवातीला सांगितलेली नऊ कोटी माणसे तिच्याखाली आली.

४. गेल्या आठवड्यात तेल किती लागले?

रेषा ठरली तरी लोकांचा खर्च कळायला हवा. तो कळतो पाहणीतून, म्हणजे लोकांच्या आठवणीतून. घरी आलेला प्रगणक विचारतो, गेल्या महिन्यात गोडेतेल किती लागले? डाळ किती? बाहेरचा चहा किती वेळा? महिन्याभराचे आठवताना माणूस बरेच विसरतो. तेच गेल्या सात दिवसांबद्दल विचारले तर जास्त आठवते आणि महिन्याच्या हिशेबात खर्च वाढलेला दिसतो.

१९९० च्या दशकात नमुना पाहणीने दोन्ही रीती वेगवेगळ्या कुटुंबांवर वापरून पाहिल्या. सात दिवसांची रीत वापरली की गरिबांची संख्या जवळजवळ निम्मी होत होती. माणसांच्या खाण्यात फरक नव्हता, फरक प्रश्नात होता. १९९९-२००० च्या पाहणीत तर दोन्ही प्रश्न एकाच कुटुंबाला एकाच तक्त्यात विचारले गेले. त्यामुळे त्या वर्षीची गरिबी आधीच्या वर्षांशी कशी ताडायची, यावर अर्थतज्ज्ञांत अनेक वर्षे वाद चालला.

खर्चाच्या मोजणीत आणखी एक खोच आहे. घरात कोणी आजारी पडले आणि शेळ्या विकून दवाखान्याचे बिल भरले, तर त्या वर्षी कुटुंबाचा खर्च वाढतो आणि कागदावर ते कुटुंब सुधारलेले दिसते. शिवाय पाहणी घराचा खर्च मोजून तो माणसांमध्ये सारखा भागते. घरातल्या बाईच्या आणि मुलीच्या ताटात नेमके किती आले, हे त्या भागाकारातून कळत नाही.

५. रेषेच्या किती खाली?

विहिरीत पडलेल्या दोन माणसांचा विचार करा. एकाचा हात काठाला लागतो आहे, दुसरा तळाशी आहे. ‘विहिरीत किती जण?’ एवढेच विचारले तर उत्तर दोन. दारिद्र्यरेषेखालच्या माणसांची नुसती शिरगणती हेच करते.

रेषा महिना १,००० रुपये आहे आणि दोन वस्त्यांत दहा-दहा माणसे आहेत असे समजू. पहिल्या वस्तीत दोन गरिबांचा खर्च ९५० आणि ९०० रुपये आहे. दुसऱ्या वस्तीत दोघांचा ४०० आणि ३०० रुपये आहे. दोन्हीकडे गरिबी २० टक्केच. पण पहिल्या वस्तीतल्या दोघांना रेषेपर्यंत आणायला १५० रुपये लागतील आणि दुसरीकडे १,३००. या तुटीला दारिद्र्याची दरी म्हणतात.

नुसत्या शिरगणतीवर भर दिला की धोरणही चुकते. आकडा लवकर खाली आणायचा असेल तर ९५० रुपयेवाल्याला ५० रुपये देणे सरकारला सगळ्यात सोपे पडते. ३०० रुपयेवाल्याला ५०० रुपये दिले तरी तो ८०० वर, म्हणजे रेषेखालीच, आणि आकडा हलत नाही. अमर्त्य सेन यांनी १९७६ मध्ये ही उणीव दाखवली आणि गरिबांची संख्या, दरीची खोली आणि गरिबांमधली विषमता या तिन्हींची दखल घेणारा निर्देशांक मांडला.

६. डॉलरची रेषा आणि शेजाऱ्याची रेषा

‘भारतात अतिगरिबी ५.३ टक्क्यांवर’ अशी बातमी २०२५ मध्ये आली ती जागतिक बँकेच्या मापावरून. बँकेने १९९० मध्ये दिवसाला एक डॉलर हे माप आणले आणि ते वेळोवेळी वाढवत जून २०२५ मध्ये तीन डॉलरवर नेले. या मापाने भारतातली अतिगरिबी २०११-१२ मध्ये २७.१ टक्के होती, ती २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के झाली.

हा डॉलर मात्र बँकेच्या काउंटरवर मिळतो तो नव्हे. अमेरिकेत एका डॉलरला जेवढी वस्तू मिळते, तेवढीच भारतात घ्यायला किती रुपये लागतात, असा हा हिशेब असतो. २०२१ च्या किमतींना ती रक्कम २० रुपयांच्या आसपास होती. म्हणजे तीन डॉलरची रेषा साधारण ६० रुपये रोजाची. देशादेशांची तुलना करायला हे माप बरे आहे. पण २०२२-२३ च्या पाहणीत प्रश्न विचारण्याची रीत बदलली होती, त्यामुळे २७ वरून पाचवर झालेली घसरण पूर्णपणे सारख्या मापाने मोजलेली नाही.

युरोपात वेगळाच विचार आहे. तिथे सगळ्या लोकांना उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभे केले तर मधोमध येणाऱ्या माणसाचे उत्पन्न पाहतात आणि त्याच्या ६० टक्क्यांपेक्षा कमी ज्यांचे आहे त्यांना गरिबीच्या धोक्यात धरतात. मधल्या माणसाचे उत्पन्न २०,००० असेल तर रेषा १२,०००. देश श्रीमंत झाला की रेषाही वर जाते. पोट भरते का यापेक्षा समाजात इतरांच्या बरोबरीने वावरता येते का, हे इथे पाहिले जाते.

७. खर्च न विचारता गरिबी

सबिना अल्कायर आणि जेम्स फॉस्टर यांनी बांधलेली पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०१० पासून स्वीकारली. तिचे नाव बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक. इथे खर्च विचारतच नाहीत. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतल्या कोणत्या गोष्टी घरात नाहीत, ते मोजतात. नीती आयोगाने भारतासाठी १२ निकष ठरवले. तिन्ही अंगांना एक-तृतीयांश वजन आणि एकूण उणेपण एक-तृतीयांश, म्हणजे ०.३३३ किंवा अधिक भरले की घर गरीब.

एक कल्पित घर घेऊ. स्वयंपाक चुलीवर, शौचालय नाही, घर कच्चे. राहणीमानातल्या सात निकषांना प्रत्येकी १/२१ वजन असते, म्हणून या तिन्हींचे मिळून ०.१४३. घरात सहा इयत्ता शिकलेले कोणीच नाही, त्याचे १/६ म्हणजे ०.१६७. बेरीज ०.३१०. हे घर गरीब नाही! आता उन्हाळ्यात जवळची विहीर आटली आणि पाण्यासाठी जाऊन-येऊन अर्ध्या तासाहून जास्त लागू लागला. आणखी ०.०४८ वाढले, बेरीज ०.३५७. तेच घर आता गरीब ठरले.

या मापाने देशातली गरिबी २०१५-१६ मध्ये २४.८५ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आली. बिहार ३३.७६, महाराष्ट्र ७.८१, गोवा ०.८४ आणि केरळ ०.५५ टक्के. महाराष्ट्राच्या एका आकड्यात मुंबई आणि नंदुरबार दोन्ही बुडून जातात. जिल्हावार आकडे पाहिले की नंदुरबार राज्यात सर्वांत वाईट स्थितीत दिसतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. बँक खाते हा एक निकष आहे. खाते उघडले की उणेपण संपले, मग त्यात शिल्लक काही नसली तरी. मजुरी किती मिळते, हे इथे कुठेच येत नाही.

८. मोजणी वेगळी, यादी वेगळी

आतापर्यंतच्या सगळ्या पद्धती ‘किती’ हे सांगतात. ‘कोण’ हे सांगत नाहीत. रेशन, घरकूल, पेन्शन द्यायचे तर नावांची यादी लागते, आणि तलाठी किंवा ग्रामसेवक पाहणीसारखा खर्चाचा हिशेब घरोघर मांडू शकत नाही.

२००२ च्या बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांच्या, गणनेत म्हणून १३ प्रश्न ठेवले, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. जमीन किती, घर कसे, कर्ज कोणाकडून, कामासाठी स्थलांतर का. एक प्रश्न कपड्यांचा होता. माणशी दोनपेक्षा कमी कपडे असले तर शून्य, दहा किंवा जास्त असले तर चार गुण. त्यातही मोठी मेख होती. किती कुटुंबे यादीत घ्यायची, याला योजना आयोगाच्या अंदाजाने आधीच मर्यादा घातली होती. गावात गरीब जास्त निघाले तर गुणांची अट कडक करायची. मोजण्यासाठी आखलेली रेषा इथे वाटपाची कमाल मर्यादा झाली. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत गुण गेले. ज्यांच्याकडे मोटारसायकल, फ्रिज अशा गोष्टी आहेत ते आपोआप बाहेर आणि बेघर, भिक्षेवर जगणारे, मैला वाहणारे आपोआप आत, अशी सरळ चाळण आली.

महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळे, केशरी आणि पांढरे रेशनकार्ड आहे. पिवळ्या कार्डासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये होती. पाच जणांत ती भागली तर माणशी महिना २५० रुपये येतात. एवढ्या उत्पन्नाचा दाखला मागायला तहसील कचेरीत रांग लागायची, कारण खरे उत्पन्न लिहिले की कार्ड जायचे. अन्नसुरक्षा कायदा आल्यावर राज्याने प्राधान्य कुटुंबांसाठी ही मर्यादा खेड्यात ४४,००० आणि शहरात ५९,००० केली.

९. मग कोणते माप धरायचे?

धोरणाची दिशा बघायची तर खर्चाची रेषा आणि तिच्याखालची दरी दोन्ही लागतात. शाळा, पाणी, दवाखाना कुठे कमी पडतो ते बहुआयामी निर्देशांक चांगले दाखवतो. देशांची तुलना डॉलरच्या रेषेने होते. रेशनची यादी यांतल्या कुठल्याच आकड्याने बांधून ठेवू नये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने नेमके हेच केले. सरकारी आकड्यात गरीब २७ कोटी असताना स्वस्त धान्याचा हक्क ८१ कोटींना दिला. दारिद्र्यरेषेला जोडलेल्या जुन्या यादीपेक्षा हा निर्णय शहाणपणाचा होता.

रेषेच्या बाबतीत मात्र देश अडकून पडला आहे. रंगराजन समितीची रेषा सरकारने औपचारिकपणे स्वीकारली नाही. २०१७-१८ च्या खर्च पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्धच झाले नाहीत. २०२३-२४ च्या पाहणीत माणशी महिना खर्च खेड्यात ४,१२२ आणि शहरात ६,९९६ रुपये नोंदला गेला. आकडे हाती आहेत, त्यांवर नवी राष्ट्रीय रेषा आखायला हवी.

ती येईपर्यंत वाचकाने ‘गरिबी इतक्या टक्क्यांवर आली’ अशी बातमी वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात. रेषा कोणाची आहे, पाहणी कोणत्या वर्षाची आहे आणि आधीचा आकडा त्याच रीतीने मोजला होता का. यांतली एक जरी बातमीत सापडली नाही, तर तो आकडा दुसऱ्या कुठल्याही आकड्याशी ताडू नये.